रानांतील वानर आणि घरांतील रांजण

एखादी सांथ गांवांत शिरली म्हणजे तिची पहिली बातमी आपणांस डॉक्टरांकडून, दवाखान्यासमोरच्या रांगेवरून किंवा वर्तमानपत्रांतून कळते. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांची पहिली बातमी रानांत मरून पडलेलें एक माकड देतें. ती बातमी वेळेवर कळली तर माणसें वांचतात. ती कोणी वाचलीच नाहीं, अगर वाचूनहि दडपली, तर कांहीं आठवड्यांनीं माणसेंच आजारी पडूं लागतात. अशा रोगांत अग्रगण्य म्हणजे पिवळा ताप. आज त्याच्याविषयीं, आणि त्याच्या निमित्तानें आपल्या सह्याद्रीच्या रानाविषयीं व आपल्या घरांतील पाण्याच्या रांजणाविषयीं, चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

प्रथमच एक शंका दूर करूं. पिवळा ताप आपल्या देशांत नाहीं. त्याची सांथ येथें कधीं झालेली नाहीं. मग जो शत्रु घरीं आलाच नाहीं त्याची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, तो ज्या वाटेनें येऊं शकेल ती वाट येथें तयार आहे, आणि त्याच वाटेनें आफ्रिकेच्या रानांतले दुसरे दोन रोग आपल्या दारापर्यंत येऊन पोंचलेले आहेत. त्यांतला एक तर आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतों त्या जिल्ह्यांत, संगमनेरपर्यंत आला. ती हकीकत ओघानें येईलच.

पिवळा ताप हा एका विषाणूमुळें होतो. बाधित डांस चावल्यानंतर तीन ते सहा दिवसांनीं एकाएकीं ताप भरतो, डोकें व पाठ दुखूं लागते, ओकाऱ्या होतात. बहुतेक रोगी तीन-चार दिवसांत बरे होतात. परंतु थोड्या जणांचा ताप एखाद्या दिवसाच्या उतारानंतर उलटतो. मग यकृत बिघडतें, डोळे व कातडी पिवळी पडते, नाकातोंडांतून रक्त येतें आणि काळी ओकारी होते. डोळ्यांच्या व कातडीच्या रंगावरूनच रोगाला हें नांव मिळालें. या दुसऱ्या अवस्थेस पोंचलेल्यांपैकीं सुमारें निम्मे लोक सात ते दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर नेमकें लागू पडणारें औषध आजहि नाहीं. मात्र रोग होऊंच न देणारी उत्तम लस आहे.

हा रोग मूळचा आफ्रिकेचा. सतराव्या शतकांत गुलामांच्या जहाजांतून तो, आणि त्याला वाहणारा डांसहि, अमेरिकेंत पोंचला. जहाजांवरील पिण्याच्या पाण्याचीं पिंपें हेंच त्या डांसांचें प्रवासांतील घर होतें. पुढें दोन-अडीचशें वर्षें अमेरिकेंतील बंदरांवर या तापाची दहशत होती. पण तो पसरतो कसा हें कोणास कळेना. कोणी घाणीस दोष देई, कोणी दूषित हवेस, कोणी रोग्याच्या अंथरुणास. क्यूबा बेटांतील हव्हाना शहरचे डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनीं १८८१ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, हा रोग डांस पसरवितो. त्यांचें म्हणणें जवळजवळ वीस वर्षें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. १९०० मध्यें अमेरिकन लष्कराचे डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळानें हव्हाना येथें प्रयोग करून तें सिद्ध केलें. त्या मंडळाचे एक सभासद जेसी लेझियर यांना त्याच सुमारास याच तापानें मृत्यु आला. मग गोर्गास नांवाच्या अधिकाऱ्यानें घरोघरचें सांठविलेलें पाणी झांकण्याची व ओतून देण्याची मोहीम कडक शिस्तीनें चालविली, आणि १९०१ मध्यें हव्हाना शहर या तापाच्या तावडींतून सुटलें.

या डांसाचें शास्त्रीय नांव एडिस इजिप्ती. रंग काळा, अंगावर व पायांवर पांढरे पट्टे; चावतो तो दिवसा; आणि गटाराच्या घाण पाण्यापेक्षां घरांत सांठविलेलें स्वच्छ पाणी त्याला अधिक पसंत. आपल्याकडे डेंग्यू पसरविणारा मुख्य डांस तो हाच.

हव्हानाच्या विजयानंतर जगाला असें वाटलें कीं, शहरांतील डांस मारले म्हणजे रोगाचें मूळच उपटलें. हा समज १९३२ मध्यें ब्राझील देशांत फिटला. तेथील एस्पिरितो सांतो प्रांताच्या एका खेडवळ दरींत पिवळ्या तापाचे रोगी आढळले. पण कितीहि शोधलें तरी घरांत राहणारा एडिस इजिप्ती तेथें सांपडेना. शोधाअंतीं कळलें तें असें कीं, जंगलांत हा रोग मनुष्याच्या मदतीवांचूनच नांदत असतो. उंच झाडांच्या शेंड्यांवर हेमागोगस नांवाचे निळसर चकाकणारे डांस राहतात. झाडांच्या ढोलींत सांठलेल्या पावसाच्या पाण्यांत ते वाढतात आणि तेथेंच राहणाऱ्या माकडांचें रक्त पितात. रोगी माकडापासून डांसाला, डांसापासून दुसऱ्या माकडाला, असें हें रहाटगाडगें झाडांच्या शेंड्यांवरच फिरत असतें, आणि खालून जाणाऱ्या मनुष्याला त्याचा पत्ताहि नसतो.

मग तो रोग मनुष्यापर्यंत येतो कसा? कोलंबिया देशांत होर्हे बोशेल या संशोधकानें एकदां लांकूडतोड्यांना झाड पाडतांना पाहिलें. झाड कोसळतांच त्याच्याबरोबर निळ्या डांसांचा थवा खालीं आला आणि तोडणाऱ्यांवर तुटून पडला. रानांतील पिवळा ताप लांकूडतोड्यांनाच अधिक कां होतो, हें कोडें त्या दृश्यानें उलगडलें. शेंड्यावर फिरणारें चक्र मनुष्यानें आपल्याच कुऱ्हाडीनें जमिनीवर उतरविलें होतें. बोशेल यांचें नांव ध्यानांत ठेवावें. ते पुढें आपल्याला पुण्याच्या हकीकतींत पुन्हां भेटणार आहेत.

आफ्रिकेंतील उतार थोडा निराळा आहे. युगांडा देशांत १९४० नंतरच्या वर्षांत हॅडो नांवाच्या शास्त्रज्ञानें उंच झाडांवर माचाणें बांधून, दिवसाच्या व रात्रीच्या प्रत्येक प्रहरीं कोणता डांस कोणत्या उंचीवर चावतो याची मोजदाद करविली. त्यांत असें दिसलें कीं, एडिस आफ्रिकानस नांवाचा डांस सूर्यास्तानंतर, माकडें झाडांवर विसाव्यास आलेलीं असतां, शेंड्यांवर चावतो. हीच माकडें दिवसा गांवाच्या कडेच्या केळींच्या बागा लुटण्यास येतात. केळीच्या पानांच्या बेचक्यांत सांठलेल्या पाण्यांत एडिस सिम्पसनी हा दुसरा डांस वाढत असतो. तो माकडालाहि चावतो आणि बागेंत काम करणाऱ्या शेतकऱ्यालाहि. अशा रीतीनें शेंड्यावरचा रोग बागेंत, बागेंतून घरांत, आणि घरांतून एडिस इजिप्तीच्या हातीं लागून शहरांत जातो. शेतांत शिरणाऱ्या वानरांच्या टोळ्या आपल्यालाहि नव्या नाहींत. तेव्हां हें चित्र कळावयास आपणांस अवघड जाऊं नये.

या चक्रांतील माकडाचा व डांसाचा वांटा सारखा नाहीं, हेंहि समजून घेतलें पाहिजे. माकडाच्या रक्तांत विषाणु राहतो तो थोडे दिवस. त्यानंतर तें माकड मरतें तरी, नाहीं तर बरें होऊन जन्मभर सुरक्षित होतें. म्हणून एका रानांतील माकडें संपलीं किंवा सुरक्षित झालीं कीं, रोगाची लाट पुढच्या रानाकडे सरकते. डांसाचें तसें नाहीं. रोग्याचें रक्त प्याल्यावर दहा-बारा दिवसांनीं तो रोग देण्याजोगा होतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे रोगाचें कोठार डांस. माकड हा त्या रोगाचा आपल्यासारखाच एक बळी.

आणखी एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. आफ्रिकेंतील माकडांना हा रोग झाला तरी तीं बहुधा मरत नाहींत, कारण त्यांची व या विषाणूची ओळख फार जुनी आहे. अमेरिकेंतील माकडांना मात्र हा रोग तीन-चारशें वर्षांपूर्वीं नव्यानें भेटला. तेथील आरोळ्या मारणारीं हाउलर माकडें त्यानें पटापट मरतात. ज्या रानांत एरवीं पहांटे त्यांचा कोलाहल चालतो तें रान एकाएकीं मुकें झालें, तर ती सांथीची खूण समजतात. ब्राझीलमध्यें २०१६ ते २०१८ या काळांत अशाच मेलेल्या माकडांमागून मोठी सांथ आली. दोन हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं व त्यांतलीं सातशेंहून अधिक दगावलीं. त्या वेळीं कांहीं ठिकाणीं घाबरलेल्या लोकांनीं जिवंत माकडांनाच ठेंचून मारलें. आरोग्याधिकाऱ्यांना वारंवार सांगावें लागलें कीं, माकडापासून मनुष्याला थेट रोग होत नाहीं, आणि माकडें मारलीं म्हणजे सूचना देणाराच नाहींसा होतो.

श्रोतेहो, आतां आपल्या देशाकडे वळूं. पिवळ्या तापाच्या इतिहासांत हिंदी माकडाचें एक विलक्षण स्थान आहे. या रोगाचा विषाणु प्रयोगशाळेंत हातीं येत नव्हता, कारण ज्या प्राण्याला तो रोग देऊन अभ्यास करावा असा प्राणी मिळत नव्हता. १९२७ मध्यें पश्चिम आफ्रिकेंत एड्रियन स्टोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असिबी नांवाच्या एका आफ्रिकन रोग्याचें रक्त हिंदुस्थानांतील ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोंचलें. तें माकड पिवळ्या तापानें मेलें, आणि संशोधनाची कोंडी फुटली. असिबी बरा झाला. स्टोक्स मात्र त्याच वर्षीं या रोगानें वारले. असिबीच्या रक्तांतून मिळालेल्या विषाणूपासूनच मॅक्स थायलर यांनीं १९३७ मध्यें लस तयार केली. त्याबद्दल त्यांना १९५१ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि आज जगांत दिली जाते ती लस त्याच वंशांतली आहे.

त्या शोधाची दुसरी बाजू मात्र आपल्याला काळजी करावयास लावणारी होती. हिंदी माकडाला हा रोग होतो व तें त्यानें मरतें, हें सिद्ध झालें होतें. एडिस इजिप्ती डांस आपल्या शहरांत व खेड्यांत भरपूर आहे. आणि रोग कधीं आलाच नसल्यामुळें येथील लोकांच्या रक्तांत त्याविरुद्ध शक्ति नाहीं. डांस आहे, माकड आहे, असुरक्षित माणसें आहेत. उणा आहे तो फक्त विषाणु. १९१४ मध्यें पनामाचा कालवा खुला होण्याच्या सुमारासच जाणत्या डॉक्टरांनीं अशी भीति बोलून दाखविली होती कीं, जहाजांचा मार्ग जवळचा झाल्यामुळें हा ताप आशियांत येईल. तो आला नाहीं. कां आला नाहीं, यावर शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. डेंग्यूसारखे त्याचे भाऊबंद येथें आधींच असल्यामुळें आपल्या रक्ताला थोडें संरक्षण मिळत असावें, असें कोणी म्हणतात. पूर्वेकडील डांस हा विषाणु तितक्या सहज वाहत नसावा, असें कोणी म्हणतात. प्रवाशांवरील बंधनांना कोणी श्रेय देतात. या तर्कांवर विसंबून निश्चिंत राहावें इतका त्यांतला एकहि भक्कम नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९५७ सालची हकीकत ऐकावी. त्या वर्षाच्या आरंभीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यांत वानरें व माकडें मरून पडूं लागलीं, आणि त्याच रानाच्या कडेच्या खेड्यांत माणसांना कडक ताप येऊं लागला. मेलेलीं माकडें आणि तापलेलीं माणसें एकाच ठिकाणीं आढळतांच जाणत्यांच्या मनांत पहिली शंका आली ती हीच कीं, पिवळा ताप अखेर भारतांत आला कीं काय! पुण्यास १९५२ मध्यें भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनीं मिळून विषाणु संशोधन केंद्र स्थापन केलें होतें. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. तेथील टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे भारतीय सहकारी तांतडीनें शिमोग्यास गेले. ट्रॅपिडो यांनीं पूर्वीं पनामाच्या रानांत पिवळ्या तापाच्या डांसांचा अभ्यास केलेला होता. त्यामुळें काय शोधावयाचें हें त्यांस ठाऊक होतें.

शोधाचें फळ अनपेक्षित निघालें. रोगी माणसांत व मेलेल्या माकडांत एकच विषाणु सांपडला, पण तो पिवळ्या तापाचा नव्हता. त्याचें जवळचें नातें रशियांतील जंगलांत पसरणाऱ्या एका मेंदुज्वराच्या विषाणूशीं होतें, आणि त्याला वाहणारा प्राणी डांस नसून गोचीड होती. ज्या रानांत तो प्रथम सांपडला त्या क्यासनूर रानाचें नांव त्या रोगास मिळालें. आपल्याकडील लोक त्याला सरळ माकडताप म्हणतात. डोकें फुटेल अशी वेदना, अंगदुखी, कांहींना रक्तस्राव, आणि शंभर रोग्यांत तीन ते पांच मृत्यु, असें त्याचें स्वरूप आहे. एका माणसापासून दुसऱ्यास तो होत नाहीं.

या रोगाचा गोचिडीशीं असलेला संबंध नीट समजला पाहिजे, कारण तेथेंच माणसांचे प्राण जातात. पावसाळा संपल्यावर रानाच्या पाल्यापाचोळ्यांत गोचिडीचीं बारीक पिलें पसरतात. डिसेंबर ते मे हा त्यांचा जोराचा काळ. त्यांतलीं बाधित पिलें वानरास चावतात. वानर मेलें व त्याचें अंग थंड पडलें कीं, अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि भोंवतालच्या पाचोळ्यांत नव्या देहाची वाट पाहत बसतात. लांकूडफाटा, पाला किंवा फळें गोळा करण्यास गेलेला मनुष्य त्या जागेवरून गेला कीं त्या त्याच्या अंगावर चढतात. मघांशीं ज्यांचें नांव घेतलें ते बोशेल पुढें पुण्याच्या या केंद्रांत आले व त्यांनीं शिमोग्याच्या रानाचा अभ्यास केला. त्यांना तेथेंहि आपल्या कोलंबियांतल्यासारखेंच दृश्य दिसलें. रान तोडून शेती वाढली, गुरें रानांत चरूं लागलीं, गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या, आणि रानाच्या कडेला माणूस, गुरें व वानरें एकत्र आलीं. रोग रानांत पूर्वींपासून असेल. त्याला बाहेर येण्यास दार आपण करून दिलें.

पुष्कळ वर्षें हा ताप शिमोगा व त्याच्या शेजारच्या भागांतच होता. पुढें तो सह्याद्रीच्या रांगेनें पसरत असल्याचें दिसूं लागलें. २०१५ मध्यें गोव्याच्या सत्तरी तालुक्यांतील पाली गांवीं त्याचे रोगी आढळले, आणि २०१६ मध्यें आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्यांत तो आला. तेथून तो सावंतवाडी तालुक्यांतील बांद्याच्या बाजूसहि पोंचला. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिलांचा हंगाम एकच. ज्या दिवसांत बायामाणसें काजूच्या बागांत वांकून बोंडें वेंचतात त्याच दिवसांत पाचोळा सर्वांत धोक्याचा असतो. या तापाविरुद्धची जी लस कर्नाटकांत अनेक वर्षें दिली जात होती, ती पुरेशी परिणामकारक ठरत नाहीं असें दिसून आल्यावर अलीकडे बंद करण्यांत आली. तेव्हां अंगभर कपडे, गोचिडीला दूर ठेवणारें तेल, घरीं परततांच गरम पाण्यानें स्नान, आणि मेलेल्या वानराची तात्काळ वर्दी, हींच आजचीं शस्त्रें आहेत.

या वर्दीच्या कामांत आपली श्रद्धा आडवी येतां कामा नये. काळ्या तोंडाचें वानर आपल्याकडे मारुतीचें रूप मानतात. तें मेलें तर गांवकरी हळहळतात, त्याला हार घालतात, खांद्यावरून नेऊन विधिपूर्वक पुरतात. ही भावना चांगली आहे, आणि त्या भावनेमुळेंच आपल्याकडे वानरें जगलीं आहेत. परंतु रोगानें मेलेल्या वानराला खांद्यावर घेणें म्हणजे त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या गोचिडींना आपलें अंग देणें होय. म्हणून रानांत किंवा शेतांत कारण नसतां वानर मेलेलें दिसलें तर हात लावूं नये, मुलांना जवळ जाऊं देऊं नये, जागा लक्षांत ठेवावी आणि वनखात्यास व जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रास कळवावें. तेथील माणसें तपासणीसाठीं नमुना घेतात, प्रेताची विल्हेवाट लावतात व त्या जागेवर कीटकनाशक मारतात. हार घालावयाचाच असेल तर तो दुरून हात जोडून मनांतल्या मनांत घालावा. मारुतिरायास तो पोंचेल.

आतां त्या दोन पाहुण्यांची गोष्ट सांगतों. आफ्रिकेच्या रानांत माकडें व डांस यांच्यामध्यें फिरणारा चिकुनगुन्या हा रोग घरगुती एडिस डांसाच्या आश्रयानें भारतांत आला, आणि १९७३ मध्यें आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी शहरांत त्याची मोठी सांथ झाली. पुढें तो जवळजवळ विसरला गेला. पण २००६ च्या सुमारास महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत पुन्हां उसळला व हजारों लोकांचे सांधे धरून बसला.

दुसरा पाहुणा झिका. त्याचा जन्मवृत्तान्त तर पिवळ्या तापाच्या शोधांतलाच आहे. युगांडांत एंटेबे येथील पिवळ्या तापाच्या संशोधन संस्थेनें झिका नांवाच्या रानांत झाडांवरील माचाणांवर पिंजरे टांगून त्यांत ऱ्हीसस माकडें ठेविलीं होतीं. माकडाला ताप आला कीं रानांत विषाणु फिरतो आहे असें समजावयाचें, ही त्यांतली युक्ति. १९४७ च्या एप्रिलमध्यें असा एका माकडाला ताप आला. पण त्याच्या रक्तांत पिवळ्या तापाऐवजीं एक अगदीं नवा विषाणु निघाला. त्याला त्या रानाचेंच नांव दिलें. पुढच्या वर्षीं तोच विषाणु तेथील एडिस आफ्रिकानस डांसांत सांपडला. हा झिका २०२१ च्या जुलैंत पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्याच्या बेलसर गांवीं महाराष्ट्रांत प्रथम आढळला, आणि २०२४ मध्यें पुण्यांत व आमच्या संगमनेरांतहि त्याचे रोगी मिळाले. बहुतेकांना तो सौम्य जातो. परंतु गर्भवती स्त्रीस झाल्यास पोटांतील मुलाच्या मेंदूची वाढ खुंटूं शकते. म्हणजे आफ्रिकेंतल्या झाडाच्या शेंड्यावर पिंजऱ्यांतील माकडाला आलेला ताप सत्त्याहत्तर वर्षांनीं प्रवरेच्या कांठीं येऊन पोंचला. मग पिवळा ताप येणारच नाहीं असें छातीठोकपणें कोण सांगेल?

ती वाट अजून उघडी आहे याचा दाखलाहि ताजा आहे. २०१६ मध्यें अंगोला देशांत पिवळ्या तापाची सांथ चालू असतां, लस न घेतलेले चिनी कामगार मायदेशीं परतले व त्यांच्यापैकीं अकरा जणांना चीनमध्यें हा ताप असल्याचें आढळलें. आशियाच्या भूमीवर पिवळ्या तापाचे निश्चित रोगी मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. तेथें डांस सांपडले नाहींत म्हणा, ऋतु थंड होता म्हणा, ती ठिणगी विझली. आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांतलीं मुलें नोकरी-व्यापारानिमित्त आफ्रिकेंत जातात. अशांनीं सरकारनें नेमलेल्या केंद्रांत लस घेऊन तिचें प्रमाणपत्र जवळ बाळगलें पाहिजे. लस टोंचल्यापासून दहा दिवसांनीं तें प्रमाणपत्र लागू होतें आणि २०१६ पासून एकदां घेतलेली लस जन्मभर ग्राह्य मानली जाते. प्रमाणपत्रावांचून बाधित देशांतून येणाऱ्यास विमानतळावरून नेऊन सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतात. पुष्कळांना हा जाच वाटतो. पण डांस चावल्यापासून ताप येण्यास अधिकांत अधिक सहा दिवस लागतात, आणि तापाच्या पहिल्या दिवसांतच येथला डांस त्या रोग्यापासून विषाणु घेऊं शकतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सहा दिवसांचा अर्थ कळतो. ओळखीच्या बळावर तो नियम चुकविणारा मनुष्य आपल्या शेजाऱ्यांच्या जिवाशीं खेळतो.

राहतां राहिला तो घरांतला रांजण. आपला जिल्हा कमी पावसाचा. तेव्हां येथें डांसांचें काय काम, असें पुष्कळांना वाटतें. एडिसच्या बाबतींत गोष्ट उलटी आहे. जेथें नळाला रोज पाणी येत नाहीं तेथें घरोघर पाणी सांठतें: मातीचा रांजण, सिमेंटचा हौद, गच्चीवरची टाकी, न्हाणीघरांतलें पिंप. त्यांत भर शीतपंख्याची, कुंडीखालच्या ताटलीची व अंगणांत पडलेल्या जुन्या टायरची. मादी आपलीं अंडीं पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटविते. पाणी आटलें तरी तीं अंडीं महिनोन् महिने कोरडीं जिवंत राहतात. पुन्हां पाणी चढलें कीं त्यांतून अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत डांस उडूं लागतो. म्हणून पाणी नुसतें ओतून भागत नाहीं. आठवड्यांतून एक दिवस भांडें रिकामें करून, आंतली बाजू घासून, उन्हांत कोरडी करावयाची व मग झांकण लावून भरावयाचें. भांडें रिकामें करणें शक्य नसेल तर त्यावर घट्ट बसणारें झांकण किंवा जाड कापड बांधावें. या नेमानें डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका या तिघांनाहि आज आळा बसतो, आणि उद्यां पिवळा ताप आलाच तर त्याला घर मिळत नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं हव्हाना शहर वांचलें तें याच युक्तीनें. तेव्हां तर लसहि निघालेली नव्हती.

अकोले तालुक्यांत हरिश्चंद्रगडाच्या व भंडारदऱ्याच्या बाजूस सहलीला जाणाऱ्या मंडळींना वानरांच्या टोळ्या हमखास भेटतात. त्यांना खाऊ देऊन माणसांच्या जवळ आणण्याची आपल्याला हौस असते. तीहि आंवरावी. वानर रानांत राहिलें, त्याला रानांतच फळें मिळालीं, आणि त्याच्या व आपल्या वस्तीमध्यें थोडें झाडझाडोऱ्याचें अंतर राहिलें, तर रानांतला रोग रानांत राहण्याचा संभव अधिक. गोष्ट सोपी आहे. अवघड आहे तें तिचा दर आठवड्याला व दर सहलीला विसर न पडूं देणें. येत्या रविवारीं घरांतल्या मुलांच्या हातीं काथ्या द्यावा, रांजण पालथा करावा, आणि तो घासतां घासतां त्यांना असिबीची, हॅडोच्या माचाणांची व क्यासनूरच्या रानाची गोष्ट सांगावी. मुलें ती विसरणार नाहींत, असा माझा शाळेंतला अनुभव आहे.